चौथ्या प्रकरणातले बोंबील

सरांनी कॉलेजच्या कॅन्टीनचा चहा कधी गरम असताना घेतला नाही. अकराला एक आणि चारला एक असे दोन ग्लास ते मागवत, आणि ग्लास आला की तो पितळेच्या एका ठोकळ्यावर ठेवून देत. शेजारी तसाच दुसरा ठोकळा असे, त्याच्यावर बर्फ. दोन्ही ठोकळ्यांना टेकून मधे एक हिरवी वडी, बोटाच्या पेराएवढी. वडीच्या दोन टोकांतून निघालेल्या तारा एका जुन्या मीटरला जोडलेल्या. चहात थर्मामीटर बुडवून सर म्हणत, ‘‘आज एकाहत्तर. काल चौऱ्याहत्तर होता.’’ कॅन्टीनवाल्याला हा अपमान वाटे. तो म्हणायचा, ‘‘सर, बाकीचे लोक साखर कमी म्हणून बोंब मारतात, ते समजतं. तुमी डिग्री कमी म्हणता, ते कुठून आणू?’’ पण त्यानंतर तो चहा उकळताच आणून द्यायला लागला, आणि आम्हा स्टाफलाही फुकटात गरम चहा मिळू लागला. सरांच्या संशोधनाचा समाजाला झालेला हा पहिला फायदा.

सर आमच्या डहाणूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. प्लास्टिकमधून वीज जात नाही हे आपण शाळेत शिकतो आणि त्यावर विश्वास ठेवून बटणाला हात लावतो. सरांचं सगळं आयुष्य याच्या एका अपवादावर उभं होतं. पॉलिअ‍ॅनिलीन नावाचं एक प्लास्टिक असतं, हिरवं, भुकटीसारखं. त्याच्यातून वीज जाते. शिवाय त्याचं एक टोक तापवलं आणि दुसरं गार ठेवलं तर त्या दोन टोकांत आपोआप थोडा विजेचा दाब तयार होतो. थोडा म्हणजे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्यावर सरांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं.

‘‘दोन टोकांत फरक असल्याशिवाय काही हलत नाही,’’ असं ते म्हणत, आणि कुठेही म्हणत. एकदा स्टाफ मीटिंगमधे म्हणाले, ‘‘प्राचार्य आणि आपण सगळे आता एकाच तापमानाला आलो आहोत. या कॉलेजात यापुढे काही हलणार नाही.’’ प्राचार्यांना हे कौतुक वाटलं आणि त्यांनी ते मिनिट्समधे घ्यायला लावलं.

मी केमिस्ट्रीला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले ते सत्त्याऐंशीच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात सर आमच्या लॅबमधे आले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुमचे वडील रेल्वेत ना? स्टेशनात?’’ मी हो म्हटलं. मला वाटलं, रिझर्वेशन हवं असेल. डहाणूत रेल्वेवाल्यांच्या पोरींना लोक याच कामासाठी ओळखतात. सरांना मालगाड्यांचं वेळापत्रक हवं होतं. कॉलेजजवळून गाडी गेली की त्यांच्या मीटरची सुई थरथरायची. पॅसेंजर गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या, मालगाड्या मात्र न सांगता येत आणि सगळं रीडिंग बिघडवून जात. माझे वडील असिस्टंट स्टेशन मास्तर. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी कधी येणार हे सांगितलं. गाडी कधी येणार नाही हे विचारणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला. दोघांचं चांगलं जमलं.

मग भुकटी तयार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण सर फिजिक्सचे आणि आम्लाच्या बाटलीकडे ते जरा संशयानेच पाहत. भुकटी थंडीत करावी लागते, शून्य ते पाच डिग्रीत, नाहीतर बिघडते. बर्फ मच्छीमारांच्या बर्फ कारखान्यातून यायचा. सर राहायला आशागडला. सकाळी सायकलने आधी कारखान्यावर जात आणि भुसा घातलेल्या गोणपाटात बर्फ बांधून कॅरियरवर लादून आणत. त्या बर्फाला मासळीचा वास असे. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, ‘‘वास असेल. मला कळत नाही.’’ सरांना तपकिरीचं व्यसन होतं. पंचवीस वर्षं ओढून ओढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. ही गोष्ट पुढे फार महागात पडली, म्हणून इथे सांगून ठेवते.

भुकटीची वडी करायला प्रेस लागतो. कॉलेजने प्रेससाठी अर्ज मागवला, अर्जावर शेरा मारला आणि शेऱ्यावर चर्चा केली. तोवर सरांनी तलासरीला हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याकडून ट्रकचा जॅक आणला आणि लोखंडी चौकटीत बसवला. जॅक लॅबमधे आला तेव्हा प्राचार्य स्वतः बघायला आले. ‘‘याने काय उचलायचंय?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काहीच नाही. दाबायचंय,’’ सर म्हणाले. प्राचार्य समाधानाने परत गेले.

त्या वडीची एक गंमत होती. ती हिरवी असली की तिच्यातून वीज जाते. अमोनियाच्या बाटलीजवळ नेली की निळी पडते आणि वीज बंद. आम्लाची वाफ दाखवली की पुन्हा हिरवी. सर हे दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना करून दाखवत. त्यावरून त्यांनी माणसांचीही विभागणी केली होती. ज्याच्यापर्यंत गोष्ट पोचते आणि त्याच्यातून पुढे जाते तो हिरवा. ज्याच्यात शिरते आणि तिथेच संपते तो निळा. प्राचार्य निळे. विद्यापीठाचा पत्रव्यवहार विभाग गडद निळा. माझे वडील हिरवे. मी कोण, असं एकदा विचारलं तर माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, ‘‘हिरव्या आहात. पण अजून टिकाऊपणा तपासलेला नाही.’’

कॉलेजच्या कमिटीवर एक शेठ होते, फुग्यांच्या कारखान्याचे मालक. डहाणूत फुग्यांचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे कमिटीवर एक तरी फुगेवाला असायचाच. ते एकदा लॅब बघायला आले. सरांनी त्यांना चहा, बर्फ, वडी सगळं दाखवलं. शेठनी मीटरकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘सर, आ तमारा प्लास्टिकनो फुग्गो बने के?’’

‘‘नाही. ते ठिसूळ आहे.’’

‘‘मग बल्ब तरी लागेल की नाही?’’

कुणी असं विचारलं की बाकीचे लोक हसून वेळ मारून नेतात. सर मात्र फळ्याकडे वळले आणि हिशेब मांडला. एका बल्बला काही लाख वड्या, आणि दर वडीला एका बाजूला चहाचा ग्लास, दुसऱ्या बाजूला बर्फाचा खडा. ‘‘लागेल,’’ ते म्हणाले, ‘‘पण सगळ्या डहाणूला एकदम चहा करावा लागेल.’’ शेठ जाताना मला हळूच म्हणाले, ‘‘बेन, सर हुशार छे, पण यांना धंद्याला लावू नका.’’

सर मूळचे सायवनचे. घरी भातशेती, डोंगरउताराला नागली. गावातले पहिले एम.एस्सी. शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जात आणि सोमवारी भाकरी बांधून परत येत. सर डॉक्टर होणार आहेत ही बातमी गावात कशी कोण जाणे पोचली होती, आणि लोकांनी आपापली दुखणी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. एका म्हाताऱ्याने गुडघा दाखवला तेव्हा सरांनी आपण कशाचे डॉक्टर होणार ते समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा गुडघा दाखवला.

सरांचे वडील तेव्हा ऐंशीच्या घरात. एकदा तांदळाचं गाठोडं घेऊन कॉलेजात आले होते. लॅबमधे स्टुलावर बसून त्यांनी मुलाचं काम पाहिलं आणि म्हणाले, ‘‘एवढी वरसं दुसऱ्यांना शिकवतोस, आनि तुझीच परीक्षा अजून बाकी हाय?’’

‘‘शेवटची आहे, बाबा.’’

‘‘मंग मी हाय तवर दे.’’

सर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी चारचा चहाही मागवला नाही.

प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं म्हणजे इतरांनी काय केलं आणि आपण तेच पुन्हा कसं केलं, एवढंच असतं. सरांची सगळी भिस्त चौथ्या प्रकरणावर होती. त्यात त्यांचा स्वतःचा शोध होता. वड्या आम्ही एका लाकडी कपाटात ठेवायचो. डहाणूच्या दमटपणात पुस्तकांना बुरशी येते, तिथे भुकटीची काय कथा. म्हणून सरांनी कपाटात चाळीस वॉटचा बल्ब कायम पेटता ठेवला होता आणि बशांमधे ओल शोषणारं कॅल्शियम क्लोराइड. त्याला आम्ही कोरडं कपाट म्हणत असू. शोध असा की जूनमधे या कोरड्या कपाटातल्या वड्या हळूहळू निळसर पडत, त्यांच्यातून वीज जाईनाशी होई. आणि दसऱ्यानंतर त्या आपोआप सुधारत. खिडकीत उघड्यावर ठेवलेल्या वड्या मात्र भर पावसात ठणठणीत. काळजीने ठेवलेल्या आजारी आणि वाऱ्यावर सोडलेल्या शाबूत, हे कोडं सोडवायला सरांनी अठरा पानं खर्च केली होती. बाहेरची ओल आणि कपाटातला कोरडेपणा यांच्यातला फरक जितका जास्त, तितकी वडी खचते, असा त्यांचा सिद्धान्त. सहा पावसाळ्यांची रीडिंग्ज होती. मुंबईचे गाइड इतर वेळी सरांच्या पत्राला उत्तर देत नसत, पण हे प्रकरण वाचून त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. ‘उल्लेखनीय’ असा शब्द त्यात होता.

आता माझी गोष्ट सांगते.

आमचं रेल्वेचं क्वार्टर पावसाळ्यात वरून गळायचं आणि खालून पाझरायचं. आई मे महिन्यात वर्षाचे सुके बोंबील भरायची, आणि जुलै लागेपर्यंत त्यांना पांढरी बुरशी. दर वर्षी अर्धे फेकून द्यावे लागत आणि दर वर्षी आई चार दिवस हळहळत असे. कॉलेजला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की साऱ्या डहाणूत एकच जागा खऱ्या अर्थाने कोरडी आहे. मी जूनमधे एक बरणीभर बोंबील नेऊन त्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या जर्नलांच्या मागे ठेवले. बरणीचं झाकण सैल होतं. शनिवारी थोडे काढून घरी न्यायचे. दसऱ्यापर्यंत बरणी रिकामी. असे सहा पावसाळे. वास येई, पण आमच्या लॅबला बर्फाचा तोच वास होता, आणि सरांना तर कसलाच येत नव्हता. आई शेजारणींना सांगायची, पोरगी कॉलेजात लागल्याचं सार्थक झालं.

ज्या वर्षी प्रबंध पुरा झाला त्या वर्षीची गोष्ट. चार प्रती टाइप होऊन बाइंडरकडे गेल्या होत्या. मुदतवाढ शेवटची होती. महिनाभरात प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. मी दुसऱ्या वर्षाला अमाइन्स शिकवत होते. अमोनियाची ही भावंडं, वासावरून ओळखता येतात, असं सांगून मी विचारलं, हा वास रोजच्या जगण्यात कुठे येतो? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, सुक्या बोंबलांना.’’

मी बरोबर म्हटलं. फळ्यावर लिहायला वळले, आणि खडू हातात तसाच राहिला. जून ते दसरा. कपाटात आजारी, खिडकीत शाबूत. मुलं वाट बघत होती. मी त्यांना वाचायला सांगून खुर्चीत बसले.

दोन दिवस मी काही बोलले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. गप्प राहिले असते तर सर महिनाभरात डॉक्टर झाले असते, त्यांच्या वडिलांनी ते पाहिलं असतं, आणि जगाचं काडीचंही नुकसान झालं नसतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध ठेवतात ते वाचण्यासाठी नव्हे. पण सर रोज येऊन चौथ्या प्रकरणाबद्दल आनंदाने बोलत, आणि ते मला सहन होईना. तिसऱ्या दिवशी चारच्या चहाला मी सगळं सांगून टाकलं. रडतच सांगितलं.

सरांनी तपकिरीची डबी काढली, पण उघडली नाही.

‘‘किती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय किती?’’

‘‘बोंबील. वजनाने किती असायचे?’’

‘‘किलोभर असतील.’’

‘‘आणि दर शनिवारी किती काढायचात?’’

मी सांगत गेले आणि ते वहीत लिहीत गेले. मग म्हणाले, ‘‘उद्या दोनशे ग्रॅम घेऊन या.’’

पुढचे तीन आठवडे फिजिक्सच्या लॅबमधे काय चाललं होतं ते कुणाला सांगून पटलं नसतं. कपाटात पन्नास ग्रॅम बोंबील, शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम. एका खणात जवळा. एका खणात काहीच नाही. सर वड्या काढून वीज मोजायच्या चार सुयांच्या यंत्राखाली ठेवत आणि रीडिंग घेत. प्राचार्यांनी दारात येऊन विचारलं, ‘‘इथे स्वयंपाक चाललाय का?’’ सर म्हणाले, ‘‘नाही सर, पडताळणी.’’ शेवटी आलेख काढला. बोंबलांचं वजन आणि वडीचा विजेला होणारा अडसर, असा तो आलेख. सगळे ठिपके एका रेषेवर बसले होते. सरांना सात वर्षांत असा आलेख कधी मिळाला नव्हता. ते इतके खूश झाले की मला वाटलं, आपण वाचलो. आपला अठरा पानांचा सिद्धान्त पार बुडाला आहे, याचं त्या माणसाला खरोखर काही वाटत नव्हतं. जे कळलं ते त्याहून चांगलं होतं, एवढंच त्यांना दिसत होतं.

त्यांनी चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. माझं कुठेही नाव नव्हतं. ‘नमुने सुक्या बोंबलांसोबत एका कपाटात ठेवले गेले, कपाटाला कुलूप न लावणं ही संशोधकाची चूक,’ असं सरळ वाक्य होतं. ते घेऊन आम्ही मुंबईला गाइडकडे गेलो. मी बाहेर बाकावर बसले. आतून आधी गाइडच्या हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ समजावण्याचा, मग नुसता पंख्याचा. सर बाहेर आले ते कागद हातात घेऊनच.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘त्यांना बोंबील नकोत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. बोंबील होते.’’

मी त्यांना खूप विनवलं. एक वाक्य, सर. एक वाक्य काढलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, ‘‘मॅडम, ते काढलं तर वडी निळी का पडली, हे कोण सांगणार?’’ महिना संपला, नोंदणी रद्द झाली. बाइंडरकडच्या चार प्रती त्यांनी परत आणल्या आणि कोऱ्या बाजूंवर मुलांना गणितं करायला दिल्या. त्या शनिवारी सायवनला जाऊन वडिलांना सांगितलं, नापास झालो. म्हातारा म्हणाला, मंग परत बस. पुढच्या वर्षी तो गेला.

मला वाटलं होतं, सर आता माझं तोंड बघणार नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावर ती बोंबलांची वही आणून ठेवली. ‘‘मासळी ताजी की उतरलेली, हे ही वडी सांगू शकेल. यात एक प्रबंध आहे. तुम्ही करा.’’ मी नाही म्हटलं. ‘‘बोंबील तुमचे होते,’’ ते म्हणाले, आणि तो विषय तिथे मिटला. मग पाच वर्षं त्यांनी माझ्यासाठी बर्फ आणला, जॅक दाबला, माझ्या वड्यांची रीडिंग्ज घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या हाताखाली सहायक असल्यासारखा राबला, आणि रीडिंग चुकलं की मी त्यांच्यावर चिडायचेसुद्धा. गाइड मी वेगळे घेतले होते.

माझी तोंडी परीक्षा मुंबईला झाली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मागच्या रांगेत बसले होते. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, ‘‘फार छान. पण ही कल्पना मूळ सुचली कशी?’’

हॉलमधे तीस-चाळीस माणसं. विभागप्रमुख, गाइड, त्यांचे स्नेही. मी म्हटलं, ‘‘किनारपट्टीच्या हवेतल्या नैसर्गिक अमाइन्सचा नमुन्यांवर होणारा परिणाम निरीक्षणात आला, त्यावरून.’’ परीक्षकांनी मान डोलावली. टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर चहा घेतला. त्यांनी आपला गार होऊ दिला. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता. ते म्हणाले, ‘‘उत्तर छान दिलंत. माझ्या गाइडनी मला अगदी हेच वाक्य लिहून दिलं होतं. शब्द न् शब्द.’’

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मीटरवर दिसला तो आकडा त्यांनी वाचून दाखवला. गाडी आली आणि आम्ही चढलो.

सर लेक्चरर म्हणूनच रिटायर झाले आणि सायवनला गेले. आता माझ्या केबिनच्या दारावर नावाआधी डॉ. आहे. मुलं, शिपाई, कमिटीचे शेठसुद्धा मला डॉक्टर मॅडम म्हणतात. दर वेळी मला लाज वाटते. पण आजवर मी कुणाला तसं म्हणू नका, असं सांगितलेलं नाही.